थंडीच्या भरवशावर सोडलेली बेटे

पोरबंदरच्या किनाऱ्यावरून नाकासमोर दक्षिणेकडे निघालेल्या जहाजाला सुमारे ७,८०० किलोमीटरपर्यंत कोठेही जमीन लागत नाही. विषुववृत्त ओलांडले जाते, व्यापारी वारे मागे पडतात, पश्चिमेचे बेफाम वारे सुरू होतात आणि मग एकदम समोर उभे राहते ते केर्गेलेन. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, ४९ अंश दक्षिण अक्षांशावर, फ्रान्सच्या ताब्यात असलेला हा द्वीपसमूह. तेथे एकही झाड नाही. उन्हाळ्यातील सरासरी तापमान सात-आठ अंश सेल्सियस, हिवाळ्यातील दोन अंशांच्या आसपास. या बेटाच्या किनाऱ्यावर आज कोणी एखादा दगड उलटला, तर त्याखाली धावपळ करणारा सहा-सात मिलिमीटर लांबीचा एक काळपट भुंगेरा दिसण्याची शक्यता मोठी आहे. मेरिझोडस सोलेडाडिनस असे त्याचे भारदस्त नाव. तो मूळचा तेथला नाही. १९१३ साली फॉकलंड बेटांवरून मेंढ्या आणल्या गेल्या, त्यांच्या चाऱ्याबरोबर तो पोर-कूव्ह्रो येथे उतरला. मेंढपाळीचा तो उद्योग काही वर्षांत बुडाला, माणसे निघून गेली. भुंगेरा राहिला.

भुंगेरा राहिला कसा, हा प्रश्न विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहेच. पण धोरणाच्या दृष्टीनेही तो तितकाच महत्त्वाचा आहे. दक्षिण महासागरातील बेटांविषयी आणि अंटार्क्टिकाविषयी एक समजूत फार दिवसांपासून रूढ आहे. इतक्या थंडीत बाहेरचा किडा जगणार कसा? चुकून आलाच तर पहिल्या हिवाळ्यात मरेल. ही समजूत दिलासा देणारी आहे, आणि बऱ्याच अंशी चुकीची आहे.

प्रथम थंडीच्या स्वरूपाविषयी. लेहमध्ये हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली दहा अंशांच्याही खाली सहज उतरतो, पण उन्हाळ्यात तेथेच दुपारी घाम फुटतो. केर्गेलेन, क्रोझे, मॅरियन, दक्षिण जॉर्जिया या बेटांचे तसे नाही. चहूबाजूंच्या समुद्रामुळे तेथील थंडी उथळ असते, पण ती संपत नाही. हिवाळा जीवघेणा नसतो. उन्हाळा अपुरा असतो. कीटक आपल्या शरीरात उष्णता निर्माण करून ती टिकवून ठेवू शकत नाहीत. भोवतालच्या तापमानावर त्यांची वाढ चालते. प्रत्येक प्रजातीसाठी एक किमान तापमान असते, त्याखाली अंड्याची किंवा अळीची वाढ थांबते. त्या मर्यादेच्या वर जितकी ऊब मिळेल तितकी ती साठत जाते, आणि ठरावीक साठा झाल्याखेरीज अळीचा कोष होत नाही, कोषाचा प्रौढ होत नाही. म्हणजे अशा बेटावर उतरलेल्या परक्या कीटकापुढचा खरा प्रश्न गोठून मरण्याचा नसतो. वर्षभरात आयुष्याचा हिशेब पुरा होईल एवढी ऊब जमेल का, हा असतो. हा हिशेब वर्षानुवर्षे थोडक्यात चुकत असेल आणि एखाद्या दशकात थोडक्यात जुळला, तर काल अशक्य असलेली वसाहत आज शक्य होते.

केर्गेलेनवरील निळ्या माशीची कथा या दृष्टीने बोलकी आहे. मेलेल्या प्राण्यांवर अंडी घालणारी ही माशी, कॅलिफोरा व्हिसिना, युरोपातून जहाजांबरोबर जगभर पोहोचली आहे. फ्रेंच तळावर जहाजे येत राहिली, माशाही अधूनमधून येत असणार. परंतु तिचा कायमचा मुक्काम पडला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस. त्याच काळात बेटाचे तापमान चढू लागले होते. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या काही दशकांत केर्गेलेन सुमारे १.३ अंशांनी तापले, आणि पाऊसही घटला. १.३ हा आकडा नागपुरात किंवा चेन्नईत कोणाच्या लक्षातही येणार नाही. जेथे उन्हाळ्याची सगळी पुंजीच सात-आठ अंशांची आहे, तेथे मात्र तो मोठा आहे.

आता मूळच्या रहिवाशांकडे पाहावे. या बेटांवरील कीटकांपैकी जवळपास निम्म्या स्थानिक प्रजाती उडू शकत नाहीत. जगभरात असे प्रमाण याच्या सुमारे एक दशांश आहे. डार्विनने याचे कारण वाऱ्यात शोधले होते: जो उडेल तो समुद्रात फेकला जाईल. त्याचा मित्र जोसेफ हूकर १८४० साली केर्गेलेनवर जाऊन आला होता, आणि दोघांचा यावर बराच विचारविनिमय झाला. अलीकडच्या अभ्यासांनी वाऱ्याचा वाटा मान्य केला आहे, मात्र एकट्या वाऱ्याचा नाही. थंड, वादळी हवेत उड्डाणाचे स्नायू पोसणे हा महागडा शौक आहे. ती ऊर्जा अंड्यांवर खर्च करणे परवडते. केर्गेलेनवरील अनाटालांटा अॅप्टेरा ही पंखहीन माशी याच व्यवहाराचे फलित. मोठा शत्रू नाही, घाई नाही, हजारो वर्षांत कोणी शिकारी भुंगेरा पाहिलेला नाही. मेरिझोडस नेमका तेवढेच करतो. तो शिकारी आहे, वर्षभर सक्रिय असतो, उपासमार दीर्घकाळ सोसतो, आणि ज्या किनाऱ्यांवर तो स्थिरावला तेथे या पंखहीन माश्यांची संख्या कोसळलेली आढळते. विशेष म्हणजे उडता त्यालाही येत नाही. शंभर वर्षांत त्याने बेटाचा जो भाग व्यापला, तो सहा पायांवर, आणि बऱ्याचदा माणसांच्या सामानातून.

मग थंडीशी कोण चांगले झुंजते, स्थानिक की परका? सर्वसाधारण वाचकाचे उत्तर ‘स्थानिक’ असे असेल, आणि थंडीपुरते ते बरोबरही आहे. मॅरियन बेटावरील पंख हरवलेल्या पतंगाची, प्रिंगलिओफागा मॅरिओनीची, अळी शरीरातील पाण्याचा बर्फ झाला तरी जगते. कीटकांपुढे थंडीत दोन मार्ग असतात. एक, बर्फ होऊच द्यायचा नाही: शरीरात ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठवायची, आतडे रिकामे ठेवायचे, कारण अन्नाचे कणच बर्फाचे बीज ठरतात, आणि शून्याखालीही द्रवरूप राहायचे. दुसरा, बर्फ होऊ द्यायचा पण पेशींचे नुकसान आटोक्यात ठेवायचे. उत्तर गोलार्धातील दीर्घ, ठरलेल्या हिवाळ्यात पहिला मार्ग सोयीचा. महिनोन्महिने उपाशी राहून झोपून जावे. दक्षिणेच्या बेटांवर हिवाळ्याला तारीख नसते. भर उन्हाळ्यातही एखाद्या रात्री अचानक गोठण पडते. अशा वेळी पोट रिकामे ठेवून वाट पाहणारा उपाशीच मरेल. रात्री गोठून सकाळी पुन्हा चरू लागणारा टिकेल. या अळीने ऊब मिळवण्याचीही एक युक्ती साधली आहे: ती मोठ्या भटक्या अल्बट्रॉसच्या घरट्यांत मोठ्या संख्येने आढळते. अंड्यावर बसलेल्या पक्ष्याच्या उबेने घरटे भोवतालच्या जमिनीपेक्षा सरासरी सुमारे पाच अंशांनी गरम राहते. एका पक्ष्याच्या उबेवर एका पतंगाची वाढ अवलंबून असावी, हे नाते मोडायला फार काही लागत नाही.

थंडीच्या परीक्षेत स्थानिक जीव उत्तीर्ण होतात हे खरे; पण परीक्षा आता थंडीची राहिलेली नाही. मॅरियनवर स्टीव्हन चाऊन आणि सहकाऱ्यांनी स्प्रिंगटेल या अगदी बारीक, मातीत राहणाऱ्या जीवांवर प्रयोग केले. (काटेकोर वर्गीकरणानुसार स्प्रिंगटेल कीटक नव्हेत, त्यांचे जवळचे नातलग होत.) २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात स्थानिक आणि परक्या प्रजातींना काही दिवस वेगवेगळ्या तापमानांत ठेवून नंतर कोरड्या हवेत त्यांची कसोटी घेतली गेली. उबेला सरावल्यावर परक्या प्रजाती कोरडेपणा अधिक चांगला सोसू लागल्या. स्थानिक प्रजाती उलट कमकुवत झाल्या. जी ऊब एकाला बळ देते तीच दुसऱ्याला दुबळे करते. बेट तापत असताना कोरडेही होत असेल, तर याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तेव्हापासून ‘आक्रमक जीव लवचीक असतात म्हणून जिंकतात’ हे सूत्र पाठ्यपुस्तकी झाले. येथे थोडे थबकणे बरे. २०१८ साली त्याच परंपरेतील संशोधकांनी उष्ण कटिबंधापासून उपअंटार्क्टिक बेटांपर्यंतच्या स्प्रिंगटेलांची उष्णता सोसण्याची क्षमता मोजली. परक्या प्रजाती स्थानिकांपेक्षा सरासरी सुमारे तीन अंश अधिक तापमानवाढ सोसू शकतात, असे त्यांना आढळले. पण हा फायदा सरावून बदलण्याच्या क्षमतेतून आलेला नव्हता. तो मुळातच होता, जन्मजात. म्हणजे लवचीकता ही एकच गुरुकिल्ली नव्हे. कोरडेपणाच्या बाबतीत एक गोष्ट खरी ठरते, उष्णतेच्या बाबतीत दुसरी. विज्ञानवार्तांना एकच कारण आवडते. निसर्गाला तशी सक्ती नाही. एवढे मात्र दोन्ही प्रयोगांतून पुढे येते की परक्यांची आघाडी थंड टोकाला नाही, उबदार टोकाला आहे. थंडी त्यांना अडवत होती असे मानले, तरी तो अडथळा दरवर्षी थोडा थोडा खचतो आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना या यादीत एक ओळखीचे नाव भेटेल. कोबी-फ्लॉवर पिकवणारा नाशिक-पुण्याकडील प्रत्येक शेतकरी ज्याला ओळखतो आणि ज्याच्यावर फवारण्या करून थकतो, तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग १९८६ साली मॅरियन बेटावर आढळला. तेथे मानवी शेती नाही. परंतु या बेटांवर केर्गेलेन कोबी नावाची एक स्थानिक वनस्पती आहे. जुन्या खलाशांना स्कर्व्हीपासून वाचवणारी, कोबीच्याच कुळातली. पतंगाला तेवढे पुरले. दख्खनच्या उन्हात जगणारी आणि सहा अंश सरासरी तापमानाच्या बेटावर जगणारी ही प्रजाती एकच आहे. वाऱ्यावर स्वार होऊन ती उत्तर ध्रुवाजवळील स्वालबार्डपर्यंतही पोहोचल्याच्या नोंदी आहेत. थंड प्रदेशात फक्त थंड प्रदेशातलेच जीव येतील, या अपेक्षेला एवढे एक उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

तरीही सर्वांत मोठा धोका दूरच्या उष्ण देशांतून येणाऱ्यांचा नाही. तो जवळच्याच थंड बेटावरून येणाऱ्यांचा आहे. सिग्नी बेटाचे प्रकरण यासाठी वाचायला हवे. सिग्नी साठ अंश दक्षिणेच्या किंचित खाली आहे, म्हणजे अंटार्क्टिक कराराच्या हद्दीत. १९६० च्या दशकात तेथे वनस्पतींच्या पुनर्लागवडीचे प्रयोग झाले. त्यासाठी दक्षिण जॉर्जियाहून रोपे आणली गेली, मुळांना माती होती. त्या मातीतून एरेटमॉप्टेरा मर्फी हा डासाच्या दूरच्या नात्यातील, न चावणारा, पंखहीन मिज आला. हे पाहुणे कोणा बेफिकीर पर्यटकाने आणले नव्हते, संशोधकांनी आणले होते. १९८० च्या दशकात तो लक्षात आला, तोवर त्याने मूळ धरले होते.

या मिजचे चरित्र एखाद्या वसाहतकर्त्याला हेवा वाटावा असे आहे. त्यात नर नसतात. मादी एकटीच अंडी घालते, म्हणजे एक अळीसुद्धा नवी वसाहत वसवू शकते. अळीचे आयुष्य सुमारे दोन वर्षांचे, प्रौढाचे काही दिवसांचे. अळी गोठणे सोसते. आणि मुख्य मुद्दा असा की तिची थंडी सोसण्याची ताकद तिच्या मूळ घराच्या, दक्षिण जॉर्जियाच्या, गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. सिग्नीवरचा हिवाळा तिला नवा होता, तरी अवघड नव्हता. प्रयोगशाळेतील कसोट्यांनुसार ती याहून दक्षिणेला, अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरही तग धरू शकेल. तिला तेथे जाण्यापासून आज थंडी अडवत नाही. समुद्र अडवतो, आणि समुद्र जहाजे पार करतात. सिग्नीवर तिचा प्रसार संशोधन तळापासून निघणाऱ्या पायवाटांच्या बाजूने झालेला दिसतो. बुटांच्या तळव्यांना चिकटलेली ओली माती हेच तिचे वाहन.

एवढ्याशा मिजने बिघडते काय, असे विचारले जाते. सिग्नीवरील माती गरीब असते. मेलेले मॉस कुजायला तेथे फार काळ लागतो, कारण ते खाऊन फोडणारे मोठे प्राणी मुळात नव्हतेच. ही अळी ते काम करते. जेथे ती आहे तेथे मातीतील नायट्रेटचे प्रमाण तीन ते पाच पट वाढलेले मोजले गेले आहे. सीलच्या विष्ठेने जितके खत मिळते, त्याच्या तोडीचे. गांडुळाची स्तुती ऐकत मोठ्या झालेल्या वाचकाला यात वाईट काय ते चटकन उमगणार नाही. वाईट हे की तेथील मॉस, लायकेन आणि सूक्ष्म जीव गरिबीत जगायला शिकले आहेत. जमीन सुपीक झाली की तिथे गवत टिकेल, आणि गवताची बियाणी माणसांच्या कपड्यांतून येतच आहेत. २००७-०८ च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात, ज्यांच्याजवळ बिया सापडल्या त्यांच्याकडे दरडोई सरासरी ९.५ बिया होत्या. पर्यटकांपेक्षा संशोधकांकडे जास्त होत्या, हे नमूद करणे भाग आहे.

येथे एक सोपा आक्षेप पुढे येतो: हे सारे हवामानबदलामुळे होते आहे, तेव्हा उपायही जागतिक उत्सर्जनातच शोधावा. हा आक्षेप अर्धसत्य आहे, आणि सोयीचा आहे. तापमानवाढ दार रुंद करते; दाराशी आणून सोडण्याचे काम माणूस करतो. मेरिझोडस १९१३ मध्ये आला, ससे १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहायला आलेल्या ब्रिटिश मोहिमेने केर्गेलेनवर सोडले, मिज १९६० च्या दशकात आला. यांपैकी एकासाठीही तापमानवाढीला जबाबदार धरता येत नाही. २००५ च्या एका आढाव्याने उपअंटार्क्टिक बेटांवर ७२ परक्या अपृष्ठवंशीय प्रजाती नोंदवल्या. त्यातील बहुतेकांच्या मागे एखादे जहाज, एखादा तळ, चाऱ्याची किंवा भाजीची एखादी पेटी आहे. कोणत्या बेटावर किती परके कीटक हे दोन गोष्टींशी निगडित असल्याचे अभ्यास सांगतात: बेट किती उबदार आणि तेथे माणसे किती. पहिली गोष्ट एका देशाच्या हाती नाही. दुसरी पूर्णपणे आहे.

भारताचा संबंध येथे येतो. १९८१ मध्ये पहिली मोहीम निघाली, १९८९ पासून मैत्री, २०१२ पासून भारती ही केंद्रे चालू आहेत. या कामाची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. २०२२ चा भारतीय अंटार्क्टिक कायदा परवानगीवाचून परके प्राणी, वनस्पती किंवा सूक्ष्म जीव नेण्यास मनाई करतो. मे २०२४ मध्ये कराराच्या सदस्य राष्ट्रांची बैठक कोचीत झाली. मैत्रीच्या जागी नव्या केंद्राची तयारी सुरू आहे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर, सत्तर अंशांच्या आसपासच्या या दोन्ही केंद्रांच्या भोवती आज एखादी माशी उघड्यावर वसाहत करील ही शक्यता फार कमी आहे. तेथे थंडी खरोखर राखण करते. पण केंद्राच्या आतले हवामान केंद्राचे असते, अंटार्क्टिकाचे नसते. किंग जॉर्ज बेटावर २००६ च्या सुमारास उत्तर गोलार्धातील एक हिवाळी माशी, ट्रायकोसेरा मॅक्युलिपेनिस, एका तळाच्या सांडपाण्याच्या यंत्रणेत आढळली. पुढे ती शेजारच्या देशांच्या तळांवर पोहोचली आणि इमारतींच्या बाहेरही दिसू लागली. गटाराची ऊब तिला पुरली.

दुसरा मुद्दा भारतीय चर्चेत जवळजवळ ऐकू येत नाही. मैत्री शिर्माकर ओअॅसिसमध्ये आहे, भारती लार्समन टेकड्यांत. दोघांत दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आणि मध्ये हिमस्तर. प्रत्येक उघड्या खडकाळ पट्ट्याची आपापली सूक्ष्म सृष्टी आहे, हजारो वर्षे एकमेकींपासून तुटलेली. भारतीय मोहिमेचे जहाज मात्र एकाच हंगामात दोन्हीकडे जाते; माणसे, तंबू, खणण्याची अवजारे, बूट यांसह. सिग्नीचा मिज शेजारच्या थंड बेटावरून, आधीच सरावलेला, मातीसह आला होता. मैत्रीची माती भारतीला नेणे हा त्याच जातीचा धोका आहे. केप टाउनच्या धक्क्यावर कंटेनरची तपासणी करून तो टळत नाही.

नव्या केंद्रासाठी हजारो टन सामान जाईल: लाकडी खोकी, वाळू-खडी, यंत्रे, वर्षभराचे धान्य. त्या सामानाची तपासणी कोठे, कोणत्या टप्प्यावर, कोणी केली, काय सापडले, दोन केंद्रांदरम्यान बूट आणि अवजारे कशी धुतली गेली, याच्या नोंदी दर मोहिमेच्या वैज्ञानिक अहवालाबरोबर जाहीर व्हाव्यात. हवामानाच्या नोंदी ज्या काटेकोरपणे प्रसिद्ध होतात, त्याच काटेकोरपणे. विद्यापीठांतील कीटकशास्त्राच्या विभागांना या तपासणीत सामील करून घेणे अवघड नाही. पेटीच्या कोपऱ्यात मेलेली माशी कोणत्या प्रजातीची, हे ओळखू शकणारी तरुण मंडळी देशात आहेत, आणि त्यांना काम हवे आहे.